हवेच्या नळातले पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

एखाद्या गावाची चौकशी करताना आपण मराठीत विचारतो, 'तिथलं हवापाणी कसं आहे?' उर्दूत त्यालाच 'आबोहवा' म्हणतात. आब म्हणजे पाणी आणि हवा म्हणजे हवाच. मराठीने हवा आधी घेतली, फार्सी-उर्दूने पाणी आधी घेतले, पण दोघींनीही ही जोडी मोडली नाही. हवा हा शब्द मुळात अरबी. फार्सीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. त्याच्या शेजारी बसलेले पाणी मात्र त्याने कधी सोडले नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही भाषा विषय घेऊन. पण आयुष्य गेले यंत्रमागाच्या परिसरात. त्यामुळे शब्दांमधली ही हवापाण्याची जोडी मला लोखंडी नळांतही भेटली. आज मी बोलणार आहे ते या नळांच्या इतिहासाबद्दल. कारखान्यात जो कंप्रेसर असतो, हवा दाबून टाकीत भरणारे यंत्र, त्याच्यापासून हवा नळाने यंत्रापर्यंत नेतात. हे नळ कसे टाकायचे, हे माणूस कसा शिकला? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो तेव्हा लक्षात आले, की हा इतिहास हवेचा जेवढा आहे तेवढाच पाण्याचा आहे. हवा नळात भरणे माणसाला लवकर जमले. तिच्यासोबत आलेल्या पाण्याला वाट करून देणे मात्र त्याला पुन्हा पुन्हा शिकावे लागले.

आधी हे पाणी येते कुठून, ते पाहू. थंड पाण्याने भरलेला तांब्या उन्हाळ्यात बाहेरून ओला होतो, हे आपण रोज पाहतो. तांब्या पाझरत नाही. हवेतली वाफ गार धातूवर थेंब होऊन बसते. आता पावसाळ्याच्या तोंडाशी असलेला एखादा दिवस घ्या. तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. कंप्रेसर ही हवा दाबून आठव्या हिश्श्याच्या जागेत बसवतो. हवा लहान होते, पण तिच्यातले पाणी लहान होत नाही. ती हवा पुन्हा ३० अंशांपर्यंत निवली, की जेमतेम चार ग्रॅम पाणी तिच्यात वाफ होऊन राहू शकते. उरलेले २० ग्रॅम खाली पडते.

वीस ग्रॅम म्हणजे दोन-तीन चमचे पाणी नाही, असे तुम्ही म्हणाल. पण मिनिटाला शंभर घनफूट हवा ओढणारा साधा कंप्रेसर तासाला सुमारे १७० घनमीटर हवा गिळतो. म्हणजे तासाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी. आठ तासांच्या पाळीत २५-२७ लिटर, जवळजवळ दोन बादल्या! कोणी नळ जोडला नाही, कोणी बादली ओतली नाही, तरी दोन बादल्या पाणी लोखंडाच्या पोटात जमते. आणखी एक गोष्ट अशी, की दाबताना हवा तापते आणि तापलेल्या हवेत वाफ टिकून राहते. त्यामुळे हे सगळे पाणी कंप्रेसरपाशी दिसत नाही. हवा नळातून पुढे जात जात निवते, तसतसे ते गळत जाते. कंप्रेसर एका खोलीत आणि पाणी शंभर फुटांवरच्या यंत्रात, असा प्रकार त्यामुळेच होतो.

हवेला नळातून दूर नेऊन तिच्याकडून काम करून घ्यावे, ही कल्पना जुनी आहे. वाफेच्या शक्तीचा विचार करणाऱ्या दनी पापँ या फ्रेंच माणसाच्या डोक्यात ती सतराव्या शतकातच आली होती. पण लांब नळातून हवा जातच नाही, असा समज पुढे दीडशे वर्षे टिकला. त्याबाबत एक किस्सा जुन्या पुस्तकांतून सांगितला जातो. वेल्समधल्या एका लोखंडाच्या भट्टीला दूरच्या पाणचक्कीवरून नळाने वारा द्यायचा होता. नळ टाकला, चक्की फिरली, पण दुसऱ्या टोकाला वारा नाही. नळ कुठे बुजला आहे का, हे पाहायला म्हणे त्यात मांजर सोडले. मांजर आरपार जाऊन सुखरूप बाहेर आले, वारा मात्र आला नाही! खरे कारण बहुधा सांध्यांमधली गळती हे असावे. पण लोकांनी दोष हवेला दिला. आजही कारखान्यात दाब कमी पडला की आधी कंप्रेसरला नावे ठेवतात, सांधे कोणी तपासत नाही.

हा समज मोडला तो आल्प्स पर्वताच्या पोटात. ३१ ऑगस्ट १८५७ रोजी, म्हणजे आपल्याकडे सत्तावनचे बंड पेटलेले असताना, मॉन्ट सेनिस नावाने प्रसिद्ध झालेल्या बोगद्याचे काम सुरू झाले. बोगदा प्रत्यक्षात फ्रेजुस पर्वताखालून जातो. एका बाजूला मोदान, दुसऱ्या बाजूला बार्डोनेक्किया आणि मध्ये बारा किलोमीटरहून जास्त खडक. काम सुरू झाले तेव्हा दोन्ही तोंडे पिदमाँत-सार्डिनियाच्या एकाच राज्यात होती. १८६० मध्ये सॅव्हॉय प्रांत फ्रान्सकडे गेला आणि बोगदा दोन देशांमधला झाला.

बोगदा लांब असला की एरवी मधूनमधून वरून उभ्या विहिरी खणतात. त्यांतून हवा येते, माल निघतो आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी काम चालते. इथे ते शक्य नव्हते, कारण डोक्यावर दीड किलोमीटरहून अधिक उंचीचा पर्वत होता. काम दोनच तोंडांनी करायचे. आत वाफेचे इंजिन नेले तर त्याचा धूर आणि त्याला लागणारा प्राणवायू यांनी माणसे गुदमरतील. हाताने छिद्रे पाडून सुरुंग लावत गेले तर एक पिढी जाईल.

तोडगा सुचवला होता जिनिव्हाच्या दानिएल कोलादों यांनी, १८५२ च्या सुमारास. हे तेच कोलादों, ज्यांनी १८२६ मध्ये स्टुर्म यांच्यासह जिनिव्हाच्या सरोवरात पाण्यातून जाणाऱ्या आवाजाचा वेग मोजला होता. त्यांचे म्हणणे असे, की हवा बाहेर दाबा आणि नळाने आत न्या. तीच हवा खडक फोडणारे यंत्र चालवील आणि यंत्रातून सुटली की मजुरांना श्वासाला मिळेल. सोमेये, ग्रँडिस आणि ग्रातोनी या तीन इंजिनिअरांनी ते प्रत्यक्षात आणले. त्यांनी आधी जिनोआजवळ प्रयोग करून लांब नळातून जाताना हवेचा दाब किती घटतो ते मोजून घेतले. घट भीती होती त्यापेक्षा पुष्कळ कमी निघाली. मांजराच्या किश्शाला मिळालेले हे उत्तर होते.

हवा दाबण्याची शक्ती त्यांनी घेतली कशाची? पाण्याची. बार्डोनेक्कियाच्या बाजूला डोंगरातून २६ मीटर उंचीवरून आणलेले पाणी बंद नळकांड्यात आदळत असे आणि पुढची हवा दाबत असे. पाण्याचाच दट्ट्या. मोदानच्या बाजूला नदीला तेवढी उंची नव्हती, म्हणून तिथे पाणचक्क्यांनी पंप चालवले. दाब वातावरणाच्या सुमारे सहा पट. तिथून ओतीव लोखंडाचे, साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचे नळ बोगद्यात शिरले. सांध्यांवर रबराच्या चकत्या बसवल्या होत्या. जसजसा बोगदा पुढे सरके, तसतसा नळ लांबत जाई.

जानेवारी १८६१ मध्ये बार्डोनेक्कियाच्या बाजूला हवेची यंत्रे चालू झाली, मोदानच्या बाजूला १८६३ मध्ये. हातकामाच्या मानाने वेग काही पटींनी वाढला. डिसेंबर १८७० अखेरीस दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या आणि सप्टेंबर १८७१ मध्ये बोगदा वाहतुकीला खुला झाला. सोमेये यांना तो सोहळा पाहता आला नाही. दोनच महिने आधी, जुलैमध्ये त्यांचे निधन झाले होते.

याच वर्षांत आपल्या बोरघाटात काय चालले होते, हेही आठवावे. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याच्या घाटात २५ बोगदे खोदले गेले. ते हाताने पाडलेली छिद्रे आणि सुरुंगाची दारू यांच्या जोरावर. रोगराई आणि अपघात यांत हजारो मजूर गेले. सह्याद्रीचा काळा पत्थर आल्प्सपेक्षा मऊ नव्हता. फक्त आमच्या मजुराच्या हाती हवेचा नळ नव्हता.

मॉन्ट सेनिसची बातमी मासिकांतून अमेरिकेत पोचली आणि तिथल्या एका विशीतल्या तरुणाच्या वाचनात आली. त्याचे नाव जॉर्ज वेस्टिंगहाउस. रेल्वेगाडीच्या सगळ्या डब्यांना एकाच वेळी ब्रेक कसा लावायचा, या विचाराने तो पछाडला होता. इंजिनात वाफ आयती होती, ती नळाने मागच्या डब्यांपर्यंत नेण्याचा विचार त्याने करून पाहिला होता. पण वाफ गार नळातून जाताना तिचे पाणी होते आणि हिवाळ्यात ते गोठते. बोगद्याचा मजकूर वाचून त्याला वाट दिसली. एक हजार मीटरवर जाऊन खडक फोडणारी हवा गाडीच्या शेवटच्या डब्याचा ब्रेक का लावणार नाही? १३ एप्रिल १८६९ रोजी त्याला हवेच्या ब्रेकचे पेटंट मिळाले. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

मुंबईच्या लोकलमधून उतरताना डब्याखालून जो फुस्स आवाज येतो, तो याच हवेचा. आल्प्समधल्या नळाचे हे आपल्या रोजच्या ओळखीचे वंशज. वाफ टाळून हवा घेतली म्हणून पाण्याने वेस्टिंगहाउसची पाठ सोडली, असे मात्र झाले नाही. थंड मुलखात ब्रेकच्या नळातले पाणी गोठून वाट अडवते, आपल्याकडे ते गंज चढवते. म्हणून गाडीखालच्या हवेच्या टाक्यांना तळाशी पाणी सोडण्याचा कॉक असतो आणि तो उघडून पाहणे हे देखभालीचे जुने काम आहे. लाखो माणसांचा जीव ज्या ब्रेकवर अवलंबून, त्याच्या निगराणीत एका छोट्या तोटीचाही वाटा आहे.

आता पॅरिसकडे वळू, कारण बोगद्यातला नळ शहरात शिरला तो तिथे. व्हिक्टर पॉप नावाच्या इंजिनिअरने १८८० च्या सुमारास पॅरिसमधली घड्याळे हवेवर चालवायला सुरुवात केली. एका ठिकाणाहून दर मिनिटाला नळातून हवेचा एक ठोका सुटे आणि शहरभरच्या घड्याळांचे मिनिटकाटे एकदम एकेक घर पुढे सरकत. घड्याळापाठोपाठ मोठे नळ आले आणि दाबलेली हवा विजेसारखी विकली जाऊ लागली. छोटे कारखाने, छापखाने, उद्वाहने, शिवणयंत्रे, दातांच्या डॉक्टरांची यंत्रे अशी किती तरी कामे त्या हवेवर चालत.

हे नळ टाकले कुठून? पॅरिसच्या प्रसिद्ध भुयारी गटारांमधून, ज्यांत माणूस उभा चालू शकतो. रस्ते उकरावे लागले नाहीत, हा फायदा होताच. दुसरा फायदा निचऱ्याचा. मैलोन्‌मैल पसरलेल्या या नळांत पाणी साचणार, हे पॉपच्या माणसांना आता ठाऊक होते. म्हणून नळाच्या सखल जागी पाणी गोळा करणारे डबे बसवले होते आणि तिथून ते बाहेर काढले जाई. ते टाकायला गटार पायाशीच होते! हवा वापरणाऱ्याच्या दारातही एक अडचण उभी राही. दाबलेली हवा यंत्रात सुटून पसरली की एकदम गार होते आणि तिच्यात राहिलेल्या पाण्याचा बर्फ होऊन तोंडे बुजतात. त्यावर उपाय म्हणून यंत्राच्या आधी एक लहानशी शेगडी ठेवून हवा तापवत. त्यामुळे बर्फ टळे आणि त्याच हवेतून जास्त कामही निघे.

जानेवारी १९१० मध्ये सेन नदीला मोठा पूर आला. पाणी हवा पुरवणाऱ्या केंद्रात शिरले आणि पॅरिसची ती सगळी घड्याळे एकाच वेळी थांबली. नळातले थेंब डब्यांत पकडणाऱ्या व्यवस्थेला नदी पकडता आली नाही. पण पूर ओसरल्यावर ती पुन्हा उभी राहिली. हवेची घड्याळे १९२७ पर्यंत चालली. कामासाठी हवा विकणारे जाळे तर थेट १९९४ पर्यंत चालू होते. वीज घरोघर आल्यावरही ते इतकी वर्षे टिकले, याचे बरेचसे श्रेय नळ नीट टाकण्याला आणि नीट राखण्याला द्यायला हवे.

या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग कॅनडातला आहे. चार्ल्स टेलर नावाच्या माणसाने पाण्याकडूनच हवा दाबून घेण्याची एक साधी युक्ती काढली. १८९६ मध्ये क्वेबेकमधल्या मॅगॉग इथे एका कापडगिरणीसाठी त्याने ती वापरली. पुढे १९१० मध्ये ओंटारियोतल्या कोबाल्ट इथल्या चांदीच्या खाणींसाठी रॅगेड शूट्स या धबधब्यापाशी मोठे काम झाले. नदीचे पाणी १०७ मीटर खोल विहिरीत सोडायचे. पडताना ते हवेचे बुडबुडे सोबत ओढून नेते. तळाशी एका मोठ्या भुयारात बुडबुडे पाण्यापासून सुटे होतात आणि वरच्या पाण्याच्या भाराने दाबलेली हवा नळाने खाणींकडे निघते. दट्ट्या नाही, चाक नाही, वंगण नाही. हे काम १९८१ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे चालले.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. पाण्यात बुडवून दाबलेली ही हवा साध्या कंप्रेसरच्या हवेपेक्षा कोरडी असे. कारण बुडबुडे गार पाण्यात दाबले जात, ते तापतच नसत. त्यामुळे वाफेचे पाणी व्हायचे ते तिथेच, भुयारात होऊन जाई. पुढे नळात गळायला फारसे काही उरत नसे. आजच्या कारखान्यात कंप्रेसरच्या पुढे हवा गार करणारे कूलर आणि ती कोरडी करणारे ड्रायर बसवतात, त्यांचेही तत्त्व तेच. पाणी पडायचेच असेल तर ते आपल्या नजरेसमोर, आपण ठरवलेल्या जागी पडू द्या.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कंप्रेसर हा शब्द पोचला तो विहिरींमुळे. ट्रॅक्टरवर बसवलेला कंप्रेसर आणि त्याच्या नळीला जोडलेले खडक फोडण्याचे यंत्र घेऊन 'कंप्रेसरवाले' गावोगाव फिरू लागले. हवेच्या जोरावर पाणी शोधण्याचेच ते काम. वस्त्रोद्योगात तो वेगळ्या वाटेने आला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग चालवला. पुढची अनेक दशके माग म्हणजे धोटा आणि धोट्याचा खडखडाट. गेल्या दोन-तीन दशकांत तिथे एअरजेट माग आले. त्यांत धोटा नाही. बाण्याचा धागा हवेच्या झोताने ताण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फेकला जातो, मिनिटाला शेकडो वेळा. मागाइतकाच महत्त्वाचा झाला तो कंप्रेसर आणि त्याचा नळ. त्या हवेत पाण्याचा किंवा तेलाचा थेंब आला तर कापडावर डाग पडतो, फणीला गंज लागतो आणि अख्खा तागा दुय्यम ठरतो.

असे नळ टाकणारे एक वयस्क फिटर माझ्या ओळखीचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. एका नव्या शेडमध्ये त्यांचे काम चालू असताना मी तिथे बसलो होतो. मालक घाईत होते.

'चाचा, पाइपलाइनला किती दिवस?'

'पाइपलाइन दोन दिवसांची आहे, मालक. उताराला एक दिवस जादा द्या.'

'हवेला कशाला उतार? हवा काय वाहून जाणार आहे?'

'हवा नाही हो. हवा तर कशीही जाईल. पानी कू रास्ता देना पडता.'

मी इतिहासाची पुस्तके नंतर वाचली, पण त्यांचे सार चाचांच्या त्या वाक्यात आधीच ऐकले होते. त्यांची रीत अशी. मुख्य नळ छताजवळून न्यायचा, पण समपातळीत नाही. हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेला शंभर फुटांना एक फूट उतार ठेवायचा, म्हणजे पडलेले पाणी हवेच्या लोटाबरोबर पुढे सरकते. उतार संपतो तिथे नळाला खाली एक पाय सोडायचा आणि त्याच्या तळाशी कॉक. मशीनकडे जाणारी फांदी नळाच्या पोटातून कधी काढायची नाही. ती माथ्यावरून काढून हंसाच्या मानेसारखी वळवून खाली आणायची. पाणी नळाच्या तळाने वाहते, त्यामुळे माथ्यावरून निघणाऱ्या फांदीत ते शिरत नाही. शक्य असेल तर नळ शेडभोवती फिरवून पुन्हा स्वतःला जोडायचा, म्हणजे शेवटच्या मागालाही दोन्ही बाजूंनी हवा मिळते. आणि स्वस्त पडतो म्हणून प्लास्टिकचा पांढरा पीव्हीसी नळ वापरायचा नाही. पाण्याला तो चालतो. दाबलेल्या हवेने मात्र तो कधी तडकला तर त्याचे तुकडे सुरीसारखे उडतात.

सगळ्यांत महत्त्वाची जागा हवेच्या टाकीचा तळ. तिथे पाणी सगळ्यात जास्त जमते आणि बाहेरून काहीच कळत नाही. रंग चकचकीत असतो, दाबाचा काटा जागेवर असतो आणि आतून पत्रा गंजत पातळ होत जातो. पाण्याच्या टाकीला भोक पडले तर पाणी गळते. दाबलेल्या हवेची टाकी फुटते तेव्हा तिच्यात साठलेली सारी शक्ती एका क्षणात बाहेर येते. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३१ मध्ये दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीचा दाब सुरक्षित मर्यादेत ठेवण्याचे बंधन घातले आणि १९६३ च्या महाराष्ट्र कारखाने नियमांनी अशा टाक्यांची ठरावीक मुदतीने तपासणी सांगितली. पण तपासनीस येतो वर्षातून कधी तरी. पाणी रोज येते.

ते बाहेर काढलेले पाणीही स्वच्छ नसते. वंगणावर चालणाऱ्या कंप्रेसरचे तेल त्यात मिसळते आणि ते दुधाळ दिसते. ते सरळ मोरीत सोडण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. मोरीतून ओढा, ओढ्यातून नदी. पंचगंगेचे दुखणे काही एकट्या कंप्रेसरने आणलेले नाही, त्याला मोठी कारणे आहेत. तरी तेल वेगळे करणारी साधी पेटी बसवली तर आपल्या वाट्याचे पाप तेवढे कमी होते. पाण्याला वाट करून द्यायची, पण ती वाट दुसऱ्याच्या विहिरीत जाणार नाही हेही पाहायचे.

आता स्वयंचलित कॉक निघाले आहेत. ठरावीक वेळाने ते आपोआप उघडतात. मोठ्या कारखान्यांत ते असतात. लहान शेडमध्ये आजही हे काम हाताने होते आणि ते सांगितले जाते सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या पोराला. 'जा रे, टाकीचं पाणी सोडून ये.' का सोडायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. ते न कळल्यामुळे त्याला ते काम फालतू वाटते. मग एक दिवस राहते, आठवडा राहतो. आणि टाकी फुटलीच तर तिच्या सर्वांत जवळ तोच उभा असतो.

सोमेयेचे नाव बोगद्याबरोबर राहिले, वेस्टिंगहाउसचे ब्रेकबरोबर, पॉपचे पॅरिसबरोबर. मोदानच्या नळाचे सांधे तपासणाऱ्यांची, पॅरिसच्या गटारात उतरून डब्यांतले पाणी काढणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांनी आपले काम चुकवले असते तर बाकीच्यांची नावेही राहिली नसती. तुमच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये, पंक्चरच्या दुकानात कंप्रेसर असेल तर उद्या सकाळी त्या पोराला जवळ बोलवा. टाकीखालची तोटी त्याच्यासमोर हळूच उघडा, येणारे गढूळ तांबूस पाणी त्याला दाखवा आणि ते कुठून आले हे समजावून सांगा. पाच मिनिटांचे काम आहे. तांबूसपणा दिसला तर टाकी तपासून घेण्याचे मात्र पुढच्या महिन्यावर ढकलू नका.